घरातील वीजगळती आणि तिची परीक्षा



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार कायद्यांवर बोलावे. तीस वर्षे युनियनचे काम केलेल्या माणसाने दुसरे काय बोलायचे? पण मी त्यांना उलट कळविले की, मला घरातील विजेवर बोलू द्या. कायद्यावर बोलणारे वकील या गावात पुष्कळ आहेत. आपल्या भिंतीवरील पेटीत बसविलेल्या एका लहानशा यंत्रावर मात्र कोणी बोलत नाही, आणि ते यंत्र काम करते की नाही हे आपण ज्या रीतीने तपासतो ती रीत अपुरी आहे. हे सांगण्यासाठी मी उभा आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. विजेचे जे काही समजले ते वायरमन मित्रांच्या शिडीखाली उभे राहून आणि रात्री पुस्तके चाळून. तेव्हा भाषेत काही ओबडधोबड आढळले तर सांभाळून घ्यावे.

आज वैशाखाचे दिवस आहेत. घरोघर कूलर लागले आहेत. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात लहानसा पंप, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली घरातली बाई किंवा मूल. विजेने माणूस मारायचा असेल तर याहून सोयीची मांडणी कोणी मुद्दाम केली नसती. कूलरचा धक्का लागून माणूस दगावल्याची बातमी मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाळ्यात वाचावी लागते, आणि आपण पान उलटतो. आमच्या सभासदांपैकी एका हमालाच्या घरी असे झाले. त्या घरी जाऊन बसण्याची पाळी माझ्यावर आली होती. नवऱ्याने मला एकच प्रश्न विचारला, “दादा, फ्यूज का नाही उडाला?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही. आज देतो.

फ्यूज, किंवा त्याच्या जागी आता आलेला एमसीबी, हा तारेचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. तारेतून तिच्या शक्तीबाहेर वीज वाहू लागली, तार तापू लागली, म्हणजे तो पडतो. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरपर्यंत स्वस्थ बसणारच. माणसाला मरायला किती लागते? अंग ओले असले म्हणजे शरीराचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. 230 व्होल्टला हजाराने भागा. 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरही नाही. एवढ्यात माणसाचे हृदय बंद पडू शकते, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. अमेरिकेत बर्कले येथे चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिले की, हातात धरलेली तार माणूस आपल्या बळाने कितपर्यंत सोडू शकतो. पुरुषांत सरासरी 16 मिलिअँपिअर, स्त्रियांत साडेदहा. त्यापुढे मूठ आवळली जाते ती उघडत नाही. “विजेने धरून ठेवले” असे आपण म्हणतो ते यालाच.

म्हणून दुसरा राखणदार लागतो. पेटीवर त्याचे नाव आरसीसीबी असते. जुनी मंडळी त्याला ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम समजावयास मोंढ्याचा दाखला पुरेल. फाटकावर एक कारकून बसविला आहे. आत किती पोती गेली आणि बाहेर किती आली, एवढेच तो मोजतो. शंभर आत, शंभर बाहेर, की तो गप्प. शंभर आत आणि नव्याण्णव बाहेर आली, की तो फाटक बंद करतो. मग ते पोते भिंतीवरून गेले की भुयारातून, याची तो चौकशी करीत नाही. यंत्राच्या पोटात एक लोखंडी कडे असते. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. फेजने जितकी वीज आत गेली तितकी न्यूट्रलने परत आली, तर दोघींचा परिणाम एकमेकींना मारतो आणि कडे शांत राहते. काही वीज कूलरच्या पत्र्यातून, माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेली, की हिशेब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि दांडा पडतो. घरासाठी ही चूक 30 मिलिअँपिअरपर्यंतच चालू द्यायची असा दंडक आहे. यंत्र 15 च्या आत पडू नये, 30 ला पडलेच पाहिजे, आणि तेही सेकंदाच्या तीन दशांशांत. गळती मोठी असली तर याहून पुष्कळ लवकर.

येथे एक गैरसमज काढून टाकतो. हे यंत्र लावले म्हणजे धक्का बसत नाही, किंवा तो तीसच मिलिअँपिअरचा बसतो, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. अंगातून जायची तेवढी वीज जातेच. फक्त ती क्षणाच्या एका तुकड्यापुरती जाते, म्हणून माणूस वाचतो. आणि एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कोणी कोरड्या लाकडी पाटावर उभा राहिला, तर हा कारकून त्याला वाचवू शकत नाही. जितकी पोती आत तितकी बाहेर. त्याचा हिशेब बरोबर असतो.

मला या यंत्राबद्दल आपुलकी आहे ती आणखी एका कारणाने. याचे नाजूक, माणूस वाचविण्याजोगे रूप घडले त्यात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींचा वाटा मोठा आहे. हेन्री रुबिन नावाच्या एंजिनियरने 1955 पासून त्यावर खटपट केली, आणि सुरुवातीची काही शे यंत्रे स्टिलफाँटेन या खाणीच्या वसाहतीतील घरांत बसविली गेली. डॅल्झिएल यांनी अमेरिकेत त्यांचे यंत्र काढले ते 1961 च्या सुमारास. म्हणजे ही वस्तू मुळात बंगल्याच्या शोभेची नव्हे. ती कामगारवस्तीतून आली आहे. आपल्याकडे मात्र ती उलट्या वाटेने, बंगल्यातून चाळीकडे, चालत आहे, आणि चालही फार धीमी आहे.

आता मुख्य हकीकत. आमच्या युनियनच्या कचेरीच्या दोन खोल्या भाड्याच्या आहेत. त्या हमालाच्या घरचा प्रकार घडल्यावर आम्ही वर्गणी काढून पेटीत आरसीसीबी बसविला. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ते दाबीत असे. खट् करून दांडा पडे, दिवे जात. मी वहीत तारीख घालून सही करीत असे. सहा वर्षे मी ही वही भक्तिभावाने भरली. मग एके दिवशी आमचा एक वायरमन सभासद एक टेस्टर घेऊन आला. तो थ्री-पिनमध्ये खुपसावयाचा असतो. त्यावर तीन दिवे असतात, ते वायरिंग बरोबर आहे की उलटसुलट हे सांगतात. आणि एक बटण असते, ते दाबले की टेस्टर आपल्या पोटातून 30 मिलिअँपिअर वीज फेजमधून अर्थिंगच्या तारेत सोडतो. यंत्राने लगेच पडावयास हवे.

पहिल्या खोलीतील दोन पॉइंटवर ते पडले. मागल्या खोलीतील एका पॉइंटवर अर्थिंगच नाही असे दिव्यांनीच सांगितले. तिसरे भोक शोभेचे होते. कूलरच्या पॉइंटवर मात्र कोडे पडले. दिवे म्हणत होते, सर्व ठीक. बटण दाबले, पण यंत्र ढिम्म हलेना. पुन्हा दाबले. पेटीवरचे ‘टी’ बटण दाबले तर यंत्र तत्काळ पडे.

जमलेल्या मंडळींनी निदाने सुरू केली. एकजण म्हणाला, यंत्र खराब. पण ते तर शेजारच्या पॉइंटवर पडत होते. एका जाणत्या वायरमनने सांगितले, “उन्हाळा आहे, जमीन वाळली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला.” हे बोलणे अगदीच टाकाऊ नव्हते. आपली काळी जमीन पावसाळ्यात वीज उत्तम वाहून नेते. पण चैत्रात ती भेगाळते, अर्थिंगच्या नळीभोवतीची माती नळीला सोडून दूर होते, आणि मीठ-कोळशाचा खड्डा असूनही रोध वाढतो. आम्ही दोन बादल्या पाणी ओतले. यंत्र हलले नाही. रात्री मी कागदावर हिशेब मांडला. 30 मिलिअँपिअर सोडण्यासाठी टेस्टरच्या पोटातच साडेसात हजार ओहमच्या वर रोध ठेवलेला असतो. त्यात वाळलेल्या खड्ड्याचे पाचशे ओहम मिळविले तरी वीज 28 मिलिअँपिअर वाहणार, आणि तेवढ्याला यंत्र बहुधा पडतेच. म्हणजे जमीन निर्दोषी होती.

राहिले काय? तिसरी तार तुटलेली असती तर दिव्यांनी चहाडी केली असती. दिवे ठीक म्हणत होते, म्हणजे ती तार कोठेतरी जोडलेली होती, आणि ते ‘कोठेतरी’ जमीन नव्हते. दुसऱ्या दिवशी बोर्ड उघडला. आत बोटभर लांबीचा लाल तारेचा तुकडा होता. त्याने थ्री-पिनची अर्थिंग न्यूट्रलला जोडून ठेवली होती.

आता मोंढ्याकडे चला. टेस्टरने सोडलेले पोते भिंतीवरून बाहेर जावयास हवे होते. ते फिरून न्यूट्रलच्या फाटकानेच बाहेर आले. कारकुनाचा हिशेब जुळला. दिव्यांना अर्थिंग आणि न्यूट्रल यांतला फरक कळत नाही, म्हणून ते ठीक म्हणाले. आणि ‘टी’ बटणाचे काय? ते बटण म्हणजे कारकुनाच्या टेबलाखालून एक पोते सरकविण्याची युक्ती. पेटीच्या आतच एका रोधातून थोडी वीज कड्याला वळसा घालून जाते. त्याने कारकून जागा आहे एवढे कळते. घरातल्या एकाही तारेची, एकाही पॉइंटची, खड्ड्याची परीक्षा त्याने होत नाही. अर्थिंग मुळीच नसलेल्या घरातही हे बटण झकास काम करते. माझ्या सहा वर्षांच्या सह्या पेटीपुरत्या खऱ्या होत्या. कूलरपाशी ज्या कामगारांच्या बायका पाणी प्यायला येऊन उभ्या राहत, त्यांच्यापुरत्या त्या खोट्या होत्या.

तो तुकडा कोणी घातला हे मी शोधले नाही, आणि घालणाराला मी केवळ लुच्चा म्हणणार नाही. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर दोनच तारा असतात. घरमालक तिसऱ्या तारेचे पैसे देत नाही. भाडेकरू म्हणतो थ्री-पिन बसवा. वायरमन मग न्यूट्रलवरून तुकडा मारतो. त्याचा बचावही असतो: पत्र्याला फेज लागली तर शॉर्ट होऊन एमसीबी पडतो की नाही? पडतो, हे खरे. पण न्यूट्रल कोठे ढिली झाली किंवा तुटली, खांबावर असो वा बोर्डात, की चालू पंख्यातून, दिव्यातून आलेली वीज त्या तुकड्यावाटे कूलरच्या पत्र्यावर येऊन उभी राहते. कूलर निर्दोष असतानाही. मग यंत्र पडले तर माणसाने हात लावल्यावरच पडणार. आणि ज्या स्वस्त यंत्रांना स्वतःचे काम करायलाच वीज लागते, ती न्यूट्रल तुटल्यावर पडतील याचा भरवसा नाही. आम्ही तो तुकडा काढला, आणि त्याच दिवशी पेटीपासून हिरवी तार ओढून दोन्ही पॉइंटला दिली. नुसता तुकडा काढून थांबणे हाही गुन्हाच. मग पत्र्याला कसलाच आधार राहत नाही.

“मग खड्डा चांगला असला तर यंत्र कशाला?” असा प्रश्न मला एका घरमालकाने विचारला. हिशेबच करू. चांगला खड्डा 20 ओहमचा धरा, आणि तोच परतीचा एक रस्ता असला तर पत्र्यातून साडेअकरा अँपिअरच्या आतच वीज जाणार. 16 चा एमसीबी पडत नाही, पत्रा जिवंतच राहतो. उलट, आरसीसीबी असेल तर हजार ओहमचा भिकार खड्डाही कामाला येतो, कारण 230 मिलिअँपिअर त्याला पुरून उरतात. आणि ज्या घरात तिसरी तार ओढणे आज शक्यच नाही तेथेही यंत्र लावावे. धक्का बसेल, पण बहुधा जीव वाचेल.

यंत्र पडत नाही हे एक दुखणे. सारखे पडते हे दुसरे. दुसऱ्या दुखण्यामुळे जास्त घरे उघडी पडतात, कारण लोक कंटाळतात आणि वायरमनला सांगतात, “डायरेक्ट करून टाका.” मी अशा पेट्या पाहिल्या आहेत की यंत्र जागेवर आहे आणि तारा त्याला वळसा घालून गेल्या आहेत. म्हणून ‘टी’ बटण दाबाल तेव्हा नुसता दांडा पडला यावर समाधान मानू नका. घरातली वीज गेली का ते पाहा. आणि वीज गेलेली असताना बटण दाबून यंत्र बिघडले असे ठरवू नका. वीज असल्याशिवाय बटण चालत नाही.

सारखे पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. पहिल्या पावसात पडले तर बाहेरचा दिवा, मोरीतला पॉइंट, ओलसर भिंत यांवर संशय घ्यावा. पाणी तापविण्याचा रॉड किंवा गीझर लावताच पडले, तर चोर सापडलाच. नवे यंत्र बसविल्याबरोबर एखादा पंखा लावताच पडू लागले, तर त्या पंख्याची न्यूट्रल यंत्राला टाळून भलतीकडून आली आहे. काही घरांत असे असते की, एकही वस्तू दोषी नसते, पण संगणक, टीव्ही, एलईडी दिवे, धुण्याचे यंत्र यांची थोडी थोडी गळती मिळून पंधराच्या पुढे जाते. तेव्हा एका यंत्रावर सारे घर न लादता दोन यंत्रांवर वाटावे. नवी धुण्याची यंत्रे आणि एसी असतील तर ‘ए’ जातीचा आरसीसीबी मागावा. जुना ‘एसी’ जातीचा त्यांची गळती नीट ओळखीलच असे नाही.

चोर शोधताना आपण एकेक एमसीबी खाली करतो. ते ठीक, पण घरगुती एमसीबी बहुधा फक्त फेज तोडतो. दोष न्यूट्रल आणि जमीन यांच्यामध्ये असेल, तर सारे एमसीबी खाली केले तरी तो जागचा हलत नाही आणि यंत्र पडतच राहते. अशा वेळी सर्व प्लग उपसून काढावे. मग एकेक लावावा. तरीही पडले, तर पेटीतल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून पाहावे लागते. हे काम मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमननेच करावे. माझे ऐकून कोणी घरी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नये. तसेच जुने वायरमन दिव्याच्या होल्डरला दोन तारा लावून फेज आणि अर्थिंग यांमध्ये धरतात. अर्थिंग तुटलेली असेल तर त्या दिव्यातून साऱ्या घराचे पत्रे जिवंत होतात. तो प्रकार घरी कोणी करू नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण वीज जाण्याच्या दिवसांत आपल्या भागात दुकानोदुकानी, घरोघर इन्व्हर्टर आले. येलदरीला पूर्णा नदीवर आपल्याच जिल्ह्यात वीज तयार होते, तरी अंधार आपल्या वाट्याला आलाच. पण तो आजचा विषय नव्हे. आरसीसीबी पेटीच्या तोंडाशी असतो आणि इन्व्हर्टर त्याच्या पुढे. गळती झाली, यंत्र पडले. इन्व्हर्टर समजतो, वीज गेली, आणि मोठ्या इमानदारीने बॅटरीची वीज त्याच दोषी तारेत सोडतो. म्हणून इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या तारांवर वेगळे यंत्र लागते, आणि ते कसे जोडायचे याला चांगला वायरमन लागतो. आमच्याकडे ही तपासणी केली तेव्हा तीन दिवे आणि एक पॉइंट असे निघाले की, ते ‘टी’ बटण दाबल्यावरही चालूच होते.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 साली सुरक्षेचे विनियम केले, आणि त्यांच्या जागी 2023 साली नवे आले. 2010 च्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी 30 मिलिअँपिअरची मर्यादा घातली होती. पण ठराविक भाराच्या खालच्या लहान जोडण्यांना सक्तीतून मोकळीक ठेवली होती. भार लहान म्हणजे धोका लहान, असा त्यामागचा समज असावा. मला तो पटत नाही. मोठ्या भाराच्या बंगल्यात फरशी कोरडी, पायांत चपला, तारा नव्या. लहान भाराच्या खोलीत एक दिवा, एक पंखा, एक जुना कूलर, शेणाने सारवलेली किंवा ओली जमीन आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार. 230 मिलिअँपिअरला मीटरवरचा मंजूर भार वाचता येत नाही. भाड्याच्या खोल्यांत हे यंत्र आणि तिसरी तार ही घरमालकाची जबाबदारी असावी, अशी आमची मागणी आहे. काही घरमालक आज पहिल्या रांगेत बसले आहेत; त्यांच्याशी माझे भांडण जुने आहे आणि ते त्यांनाही माहीत आहे.

तपासणी कोणी करायची, हा प्रश्न राहतो. महावितरणचे काम मीटरपर्यंत. त्यापुढची तार आपली. म्हणून वायरमनकडून नवे काम करून घेताना शेवटचे पैसे देण्यापूर्वी त्याला एवढेच सांगा की, प्रत्येक थ्री-पिनवर टेस्टर लावून माझ्यासमोर यंत्र पाडून दाखव. दहा पॉइंट असतील तर दहा वेळा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी त्याला वेगळी द्या. फुकट करून घ्याल तर तो दोनच पॉइंट तपासील, आणि त्यात त्याची चूक नाही.

तो टेस्टर आता युनियनने विकत घेतला आहे. संध्याकाळी सहा ते आठ कचेरी उघडी असते. ज्याला हवा असेल त्याने आपल्या वायरमनला पाठवावे, वहीत नाव आणि तारीख लिहावी, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावा. वही तीच जुनी आहे. सहा वर्षांच्या माझ्या सह्या मी पुसलेल्या नाहीत. त्यांच्या पुढच्या पानापासून आता प्रत्येक पॉइंटचा वेगळा रकाना आखला आहे.